शिंपी सरांचा व्याह्यांशी डाव

शिंपी सर मोबाइलवर बुद्धिबळ खेळायला बसत तेव्हा आधी शर्ट घालत. एरवी घरात बनियन आणि ट्रॅकपँट. सुरतेतल्या उधन्याच्या उकाड्यात दुसरं काय अंगावर टिकणार. पण ते अ‍ॅप उघडायचं म्हटलं की सर आत जायचे, इस्त्रीचा शर्ट चढवायचे, वरचं बटणसुद्धा लावायचे आणि ओला कंगवा फिरवून बाहेर यायचे. मी एकदा म्हणालो, "सर, समोरच्याला आपण दिसत नाही."

"तुला काय माहीत? डोळा आहे ना याला," फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ते म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि नसू दे दिसत. मी बनियनवर आहे हे मला तर माहीत असतं ना."

अशा या माणसाबद्दल अमळनेरच्या एका घरात एक गोष्ट सांगितली जाते. पाहुणे आले, चहा झाला, की ती निघते. आमचे सुरतचे व्याही, मास्तर, पीटीचे. बुद्धिबळात लबाडी करताना पकडले गेले, आणि तेही मोबाइलवर. मग हशा. सरांची मुलगी मनीषा त्या घरात सून आहे. ती कप उचलून आत जाते. सर आता नाहीत. त्या गोष्टीत मीही नाही, आणि मी असायला हवा होतो. म्हणून हे लिहायला बसलो आहे. बसलो आहे म्हणजे, सारखा उठतो आहे.

सर आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहत, मी तिसऱ्यावर. मी सुरतजवळच्या सचिन गावातल्या एका डाइंग मिलच्या ऑफिसात डिस्पॅचचं काम बघतो. गाड्या कधी निघाल्या, कधी पोचल्या, एवढंच. सर मराठी माध्यमाच्या शाळेत पीटीचे शिक्षक होते. ताडमाड देह, तरुणपणी कबड्डी खेळलेले, आणि त्या कबड्डीने उजव्या हाताची बोटं कायमची वाकडी केलेली. एक बोट डावीकडे बघायचं, शेजारचं उजवीकडे. निवृत्त झाल्यावरही त्यांचं बोलणं मैदानातलंच राहिलं. सोसायटीत पाण्याचा टँकर आला आणि बायकांची भांडणं जुंपली की सर ओट्यावर येऊन गरजायचे, "सावधान!" आणि खरंच सगळ्या क्षणभर थांबायच्या. गुजराती शेजारणीसुद्धा. मग सर शरमल्यासारखे हसून म्हणायचे, "चालो, विश्राम."

ते एका जागी बसू शकत नसत. बुद्धिबळही उभ्याने खेळायचे. लाकडी पट ओट्यावर मांडलेला, समोरचा माणूस पाटावर, आणि सर पटाभोवती फेऱ्या मारतायत. चाल सुचली की वाकून सोंगटी ठेवायची आणि पुन्हा चालू लागायचं. समोरच्याच्या मागे जाऊन उभे राहायचे, त्याच्या बाजूने पट बघायचे, आणि कित्येकदा त्यालाच सांगायचे, "अरे वजीर सांभाळ तुझा, मी मारतोय."

"सर, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?" मी विचारायचो.

"खेळाच्या," ते म्हणायचे. "आणि तू गप का भो, तुला काही सुचत असेल तर सांग याला."

कारण त्यांच्या ओट्यावर सल्ला देणं हा गुन्हा नव्हताच. ते खानदेशात लहानपणी शिकले ते बुद्धिबळ गावच्या पारावरचं. चार जण खेळतात असंच ते असायचं, दोघं बसलेले आणि दोघं उभे. बघणाऱ्याने बोलायचं नाही असा नियम असू शकतो हे त्यांच्या कल्पनेतही नव्हतं. "मग बघणारा आला कशाला?" ते म्हणायचे. ही त्यांची रीत मी मुद्दाम सांगतो आहे. पुढे तिचाच आडोसा मी घेतला.

मोबाइलवरचा पहिला डाव मला आठवतो. मीच सरांच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकून दिलं होतं. समोर कुठल्या तरी देशाचा झेंडा, खाली एक विचित्र नाव. सर शर्ट घालून सज्ज. उभे. फोन स्टुलावर, पाण्याच्या तांब्याला टेकवलेला.

"हा कोण?"

"माहीत नाही सर. कुणीही असेल."

"वय काय?"

"ते कळत नाही."

"मग मी याला अहो म्हणू का अरे म्हणू?"

"काहीच म्हणायचं नाही. चाल करायची. घड्याळ सुरू झालंय, सर."

सरांनी फोनला नमस्कार केला. मग हाताची घडी घालून उभे राहिले. घड्याळ पळत होतं. मी म्हणालो, "सर, चाल तुमची आहे." ते म्हणाले, "अरे पण त्याने 'खेळा' म्हणायला नको का? पाहुणा आहे." आतून काकू म्हणाल्या, "अहो, तो काय तुमच्या घरी जेवायला आलाय?" तेवढ्यात वेळ संपली. एकही प्यादं न हलवता सर हरले. फोनवर हरल्याचं चित्र आलं, तसे त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. शाळेच्या दोन-दोनशे पोरांना शिट्टीवर नाचवणारा माणूस, त्या चार इंचांच्या काचेसमोर लटपटत होता. "बंद कर," ते म्हणाले, "माझी छाती धडधडतेय." आणि मग शेजारच्या खोलीत जाऊन परत येऊन, "पुन्हा लाव बरं."

दुसऱ्या अडचणी पुढे निघाल्या. सरांच्या गावच्या खेळात राजाला एकदा, शह बसण्याआधी, घोड्यासारखी उडी मारता येते. अ‍ॅप ती मारू देईना. सर राजाला बोटाने ढकलतायत आणि राजा रबर लावल्यासारखा परत घरात येतोय. "फोन बिघडलाय तुझा." माझा नाही, तुमचा आहे, मी म्हणालो. मग समोरच्याने प्यादं एकदम दोन घरं पुढे टाकलं. सर ओरडले, "ए! ए! दोन घरं!" आणि रेफरीसारखा हात वर केला. मग त्या माणसाने किल्लेकोट केला, राजा आणि हत्तीने एकाच चालीत जागा बदलल्या. सर खुर्चीत बसलेच. त्यांना बसलेलं मी क्वचित पाहिलं होतं.

"राजा हत्तीमागे लपला? आणि दोघं एकदम चालले?" ते हळू आवाजात म्हणाले. "विलास, हे असं जगभर चालतं?"

"हो सर."

"आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही."

पण ते शिकले. दोन-तीन महिन्यांत सगळं शिकले. वाकडी बोटं मात्र शिकली नाहीत. वजीर एका घरात ठेवायला जावं तर तो शेजारच्या घरात पडायचा, आणि मोबाइलवर पडलेली सोंगटी उचलता येत नाही. म्हणून ठरलं की सर चाल सांगतील आणि बोट माझं. रोज मिलमधून आलो की मी त्यांच्याकडे जायचो. "उंट, काळ्या घरातला, दोन घरं तिरका." मी ठेवायचो. शह असला की सर फोनकडे तोंड करून खणखणीत आवाजात "शह!" म्हणायचे. समोरच्याला ऐकू जात नाही, हे त्यांना पटलं होतं. तरी म्हणायचे. न सांगता शह देणं त्यांना मागून वार केल्यासारखं वाटायचं.

आता व्याह्यांचं.

मनीषाचे सासरे, त्यांना सगळे आबासाहेब म्हणतात, अमळनेरला सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. बुद्धिबळाचे शौकीन. साखरपुड्याच्या संध्याकाळी त्यांनी पट काढला आणि म्हणाले, "या मास्तर, बघू या सुरतचं पाणी." सरांनी ओळखलं की हा माणूस आपल्याहून कच्चा आहे. आणि हेही ओळखलं की आपण मुलीचे बाप आहोत. सर हरले. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, फेऱ्या मारत, माझ्याकडे न बघता. "मंडपात एवढी माणसं. त्यांना हरवून मी काय मिळवणार होतो? एक वजीर दिला, झालं." पुढे दिवाळीला गेले, हरले. बारशाला गेले, हरले. जावयाच्या घरची हार ही आहेरासारखी, नेली पाहिजे, असंच त्यांनी धरलं.

आबासाहेबांना ते कळलं नाही. कळेल कसं? जिंकणाऱ्याला कोण सांगणार. त्यांनी एवढंच धरलं की मास्तरांना तीन चालींपुढचं दिसत नाही. आणि हे ते मनीषाला ऐकवू लागले. ती बी.एड. करायचं म्हणाली तर, "वडिलांवर गेलीस. पुढचं दिसत नाही." घर दुरुस्त करताना तिने काही सुचवलं तर तेच. मायेने, हसत हसत, म्हणून तर तिला उलट बोलताही येईना.

मग आबासाहेबही मोबाइलवर आले आणि त्यांनी सरांना डाव पाठवला. एकेका चालीला तीन-तीन दिवस मुदत असलेला, सावकाश खेळायचा. पहिले दोन डाव सर हरले, आणि या वेळी ते मुद्दाम हरले नव्हते. दुसरा डाव गेला त्या रात्री मनीषाचा फोन आला होता, काकूंनी मला सांगितलं. "पप्पा, एकदा तरी जिंका हो," म्हणाली, "मोबाइलवर तरी जिंका. इथे मंडप नाहीये." म्हणजे पोरीला सगळं माहीत होतं. साखरपुड्यापासून.

दुसऱ्या दिवशी सर नुसते येरझाऱ्या घालत होते. दारापासून मोरीपर्यंत, मोरीपासून दारापर्यंत. काकू म्हणाल्या, "बठा ना एक जागे! मला गरगरायला लागलं." सर थांबले, मला म्हणाले, "विलास, मला हरायची सवय लागली का रे? मी खरंच जिंकायला बघत होतो. हातच वळत नाही. त्यांचं नाव वर दिसतं आणि मी मुलीचा बाप होतो."

तिसरा डाव सुरू झाला. एका संध्याकाळी आबासाहेबांची चाल आली, सर अडले. मी म्हणालो, जेवून येतो. वर गेलो. माझ्या फोनमध्ये दुसरं एक अ‍ॅप होतं, त्याच्यात पट जसाच्या तसा मांडून दिला की कॉम्प्युटर सगळ्यात चांगली चाल दाखवतो. फुकट मिळतं, पोरंसोरं वापरतात. मी जेवता जेवता पट मांडला. खाली येऊन म्हणालो, "सर, घोडा मागे घेतला तर?"

"मागे?" सर म्हणाले. स्टुलाभोवती फिरले. पुन्हा फिरले. थांबले. माझ्याकडे बघितलं. असं मला पूर्वी कुणी बघितलं नव्हतं.

"अरे विलास," ते म्हणाले, "तुला डोकं आहे की रे!"

मी लोकांना, म्हणजे स्वतःलाच, सांगत आलो की मनीषासाठी केलं. सरांसाठी केलं. खोटं आहे ते. सगळं खोटं नाही, पण पुरेसं आहे. मला माझ्या ऑफिसात आजवर कोणी विचारलं नव्हतं, विलास, तुला काय वाटतं? घरीही फारसं नाही. इथे एक माणूस माझ्यासमोर उभा राहून विचारत होता आणि मी काही बोललो की त्याचा चेहरा उजळत होता. मी रोज वर जाऊन जेवून येऊ लागलो.

काकूंना काहीतरी वास आला असावा. एकदा ताट वाढता वाढता म्हणाल्या, "विलास, तू जेवून आलास की फार हुशार होतोस बरं. काय टाकते बायको तुझी भाजीत?" सर खो खो हसले. मीही हसलो.

आणि सरांनी काही लपवलं नाही. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी आबासाहेबांना स्वतःच कळवून टाकलं की, आमचे शेजारी विलासराव सल्ला देतात, त्यांना फार डोकं आहे. आबासाहेबांनी उत्तर दिलं, "घ्या सल्ला. इथेही चार जण बसतात माझ्याशेजारी." दोघंही पारावरचे. दोघांच्या लेखी सगळं रीतसर होतं.

तिसरा डाव सर जिंकले. शेवटची चाल मला नीट आठवते, कारण ती माझ्या फोनची नव्हती. फोन म्हणत होता, वजीर पुढे घ्या, दोन चालींत मात. सर म्हणाले, "वजिराने काय, कोणीही मारेल. थांब." आणि त्यांनी चार दिवस लांबवून, एक उंट विनाकारण गमावून, प्याद्याने मात केली. त्यांच्या गावच्या खेळात प्यादमात म्हणजे मानाची गोष्ट. ज्याला ती बसली त्याने महिनाभर पाराकडे फिरकू नये. चाल मी ठेवली. सर फोनकडे बघून ओरडले, "मात!" मग कपाटातून शाळेची शिट्टी काढून अशी फुंकली की वॉचमन धावत आला. "शुं थयुं, साहेब?" त्याने विचारलं. सर म्हणाले, "व्याही पडला, भाई! प्यादाथी!" वॉचमनला वाटलं कुणी जिन्यावरून पडलं. तो वर बघायला गेला.

मनीषाचा फोन आला. ती नुसती हसत होती म्हणे.

चौथा डावही जिंकले. पाचवा निम्म्यावर होता तेव्हा खातं बंद झालं.

मी संध्याकाळी गेलो तर सर फोन हातात लांब धरून उभे होते, विंचू धरावा तसा. इंग्रजीत मजकूर होता. मी वाचला. या खात्यावरून कॉम्प्युटरची मदत घेऊन खेळल्याचं आढळलं आहे, म्हणून ते बंद करण्यात येत आहे. तेवढ्यात ग्रुपवर आबासाहेबांचा निरोप आला. त्यांनाही अ‍ॅपने कळवलं होतं: तुमचा प्रतिस्पर्धी नियमाबाहेर खेळत होता, तुमचे गेलेले गुण परत देत आहोत. त्यांनी तो मजकूर सगळ्यांना पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, "मास्तर, तुमचा शेजारी म्हणजे कॉम्प्युटर होय?" पुढे हसणारी तोंडं.

सर घरात बघू लागले. खरोखर बघू लागले. टीव्हीकडे, कपाटाकडे, शिलाई मशीनकडे. "कॉम्प्युटर?" ते म्हणाले. "आपल्याकडे कॉम्प्युटर कुठे आहे?"

तेव्हा सांगायला हवं होतं. माझा फोन माझ्या खिशात होता, मांडीला लागत होता. मी म्हणालो, "मशीनची चूक असेल, सर. होतं असं कधी कधी."

"चूक ना?"

"चूकच."

माझ्या त्या एका शब्दावर सर उभे राहिले. शर्ट तर घातलेलाच होता. त्यांनी आबासाहेबांना व्हिडिओ कॉल लावला. मी कॅमेऱ्यात येणार नाही असा बाजूला सरकलो. पलीकडे आबासाहेब झोपाळ्यावर, मागे मनीषा उभी.

"आबासाहेब, मशीनची चूक झालीय," सर म्हणाले.

"अहो असू द्या मास्तर. खेळ आहे. एवढं काय मनावर घेता."

"नाही, असू द्या नाही. मी कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. मला येतच नाही."

"मग मशीन खोटं बोलतं का?"

"हो. खोटं बोलतं. मनीषा, पुढे ये बेटा." ती पुढे आली. तिचा चेहरा फोनभर झाला. "हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो," सर म्हणाले, आणि तो आपला वाकड्या बोटांचा तळहात त्यांनी सरळ फोनवर, तिच्या चेहऱ्यावर ठेवला. कॉल कट झाला.

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, येतो सर. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून त्या माणसाने जे सांगितलं ते त्याच्या बाजूने शंभर टक्के खरं होतं, आणि माझ्यामुळे खोटं होतं.

पुढचा आठवडाभर मी उशिरा घरी आलो. मुद्दाम. काम नसताना गेटवर थांबायचो, चहा पीत. शनिवारी सरांनीच मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "मी अमळनेरला जातोय. पट घेऊन. समोर बसून खेळतो. तिथे कोणतं मशीन आणि कोणता फोन. आता मी हरणार नाही त्यांच्यापुढे, बघच तू. तीन डाव काढले आपण त्यांच्याशी, हात वळला माझा." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, "तू शिकवलंस."

त्यांचा हात वळला नव्हता. प्यादमात सोडली तर त्या डावांतल्या मोठ्या चाली त्यांच्या नव्हत्याच. तिथे ते चार माणसांसमोर हरले असते, आणि मग शपथही खोटी ठरली असती, कायमची. रविवारी सकाळी मी उधना स्टेशनवर गेलो. भुसावळकडची गाडी यायची होती. सर फलाटावर येरझाऱ्या घालत होते. एका पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला पट, दुसरीत नानखटाईचा डबा. भांडायला निघाला तरी मुलीचा बाप रिकाम्या हाताने जात नाही.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, पण पटकन सांगितलं, गाडी यायच्या आत संपेल असं.

सर थांबले. कितीतरी वेळ ते एका जागी उभे होते. मग त्यांनी विचारलं, "तो घोडा मागे घेतलास, तो?"

"कॉम्प्युटरचा."

"हत्ती दिलास, चौथ्या डावात?"

"तोही."

"तुझी एकसुद्धा नव्हती?"

"नाही, सर."

"मी सगळ्यांना सांगितलं," ते म्हणाले, "आमच्या विलासला डोकं आहे म्हणून." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "आणि प्यादमात?"

"ती तुमची, सर. शंभर टक्के तुमची. फोन वजीर म्हणत होता."

"हं," ते म्हणाले. "ते आता कोणाला सांगू?"

मग ते शपथेबद्दल बोलले नाहीत. मनीषाचं नाव घेतलं नाही. गाडी लागली.

पुढे अमळनेरला काय झालं ते मला काकूंकडून आणि मनीषाकडून कळलं, ते इथेच सांगून टाकतो. सरांनी पट पिशवीतून काढलाच नाही. नानखटाई दिली, पाणी प्यायले आणि उभ्यानेच आबासाहेबांना हात जोडले. "मशीन बरोबर आहे," म्हणाले. "चूक आमच्या घरात झाली. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला तो परत घेतो." आबासाहेबांनी मोठ्या मनाने माफ केलं. मोठ्या मनाने केलेली माफी सांगावीशी वाटते, तशी ते ती सांगत राहिले. सरांनी माझं नाव घेतलं नाही. मनीषाने खोदून विचारलं तरी नाही. तिने मला फोन केला होता. "काका, तुम्ही रोज असायचात तिथे. पप्पांनी खरंच असं केलं?" मी म्हणालो, "मला काय माहीत बेटा, मी नुसतं बोट ठेवायचो." तिने "बरं" म्हटलं.

सर परत आले ते फक्त घर आवरायला. काकूंना घेऊन ते नाशिकला मुलाकडे गेले. त्या दिवशी मी मिलमध्ये दुसऱ्याची ड्यूटी मागून घेतली. मागच्या वर्षी सर गेले. मी नाशिकला गेलो नाही.

आबासाहेब, तुमच्या घरी मराठी मासिकं येतात, मनीषाने सुरू केलेली. हे तुमच्या हाती पडेल अशा हिशोबाने लिहिलं आहे. तुमच्या गोष्टीतला लबाड माणूस मी. आणि साखरपुड्यापासून तुमच्याशी हरत आलेला माणूस तुमच्यापेक्षा चांगला खेळत होता, तेही आता समजून घ्या. प्यादमात त्याची होती. मनीषा, मला माहीत होतं. त्या दिवशी फोनवरही माहीत होतं.

स्टेशनवर अजून एक गोष्ट झाली. ती कोणालाच माहीत नाही, सर सोडून.

गाडी लागली, सर चढले. दोन्ही पिशव्या त्यांनी एका हातात घेतल्या, वळले आणि मला म्हणाले, "चढ."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"चढ ना. तिकिटाचं बघू पुढे. मला सांगितलंस तसंच त्यांना सांग. दुपारपर्यंत संपेल सगळं. मी आहे सोबत."

मी आहे सोबत, असं म्हणाले ते. मला.

मी म्हणालो, "सर, आज ड्यूटी आहे." रविवार होता.

ते रागावले नाहीत. गाडीने हिसका दिला, ती हलली. मी फलाटावरून तिच्याबरोबर चालू लागलो, का ते माहीत नाही, चढणाऱ्या माणसासारखाच चालत होतो. सर दारात एका बाजूला अंग चोरून उभे होते, तेवढा मोठा देह दाराच्या पत्र्याला चिकटवून. दुसऱ्या बाजूची दांडी त्यांनी मोकळी ठेवली होती. मागून कोणीतरी तिथे येऊ बघत होतं, त्याला त्यांनी हाताने मागे थोपवलं. गाडीने वेग घेतला. मी थांबलो. फलाट संपून डबा सिग्नलपाशी वळेपर्यंत मला दिसत होतं, दाराची ती अर्धी बाजू रिकामीच होती.